वज्रकेतूचा शेवट कसा वाटला

‘भारी’ हा एक शब्द वेळेवर उच्चारला तर संगमेश मेनकुदळेच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पहिली म्हणजे सुकन्या एकलारे. तिला बघून आल्यापासून संगमेश तुरीच्या गोण्या मोजताना मध्येच आकडा विसरत होता, आणि हमाल एकमेकांकडे बघून हसत होते. दुसरे म्हणजे सासरे आनंदराव एकलारे. त्यांचं नांदेडात स्वतःचं टॉकीज, म्हणजे जन्मभर मधल्या रांगेतली खुर्ची. तिसरं म्हणजे नांदेडला जायला कायमचं निमित्त. लातूरच्या मार्केट यार्डात दिवसभर बापाच्या नजरेखाली बसणाऱ्या पोराला त्याची किंमत काय असते, ते ज्याला बाप आहे त्याला सांगायला नको. आणि खर्चाच्या बाजूला? एक शब्द. एवढा स्वस्त सौदा समोर आला की शहाण्यानं आधी गोणी खालून बघावी. संगमेश यार्डात वाढलेला असूनही त्या दिवशी त्यानं वरवरच बघितली.

दिवस होता ‘वज्रकेतू’चा तिसरा आणि शेवटचा भाग लागण्याचा. पहिले दोन भाग येऊन वर्षं लोटली होती, आणि मधल्या काळात माणसं वज्रकेतूवर भांडून, समेट करून, पुन्हा भांडली होती. आनंदरावांनी त्याच सिनेमासाठी टॉकीजच्या खुर्च्या बदलल्या होत्या. पोरगी बघून झालेली, दोन्हीकडून होकार ओठावर आलेला. अशात त्यांनी लातूरला फोन केला, “दुपारी सिनेमा बघू, मग घरी जेवू, आणि बोलायचं ते बोलू.” म्हणून मेनकुदळ्यांच्या घरचे तिघे, संगमेश, त्याचे वडील सिद्धेश्वरअप्पा आणि आई गौरम्मा, सकाळी गाडीत बसून अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले.

सिद्धेश्वरअप्पा डाळमिलसाठी तूर खरेदी करतात. त्यांची एक रीत यार्डात सगळ्यांना पाठ आहे. मूठभर तूर हातात घेतील, एक दाणा दाताखाली फोडतील आणि नावं ठेवायला लागतील: ओली हाय, डागी हाय, माती किती हाय. आडत्याला कळतं, अप्पा घेणार. आणि ज्या मालाला ते “छान हाय, लई छान” म्हणतील, तो माल आडत्या मुकाट दुसऱ्याकडे सरकवतो. घ्यायचं त्याला नावं ठेवायची, नाही घ्यायचं त्याचं कौतुक करून वाटेला लावायचं. ही रीत यार्डापुरती राहिली असती तर ही गोष्ट झालीच नसती.

आता सिनेमा. पहिल्या भागात वज्रकेतूनं किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या जिवलग मित्राचा हात गेला होता. दुसऱ्या भागात काचेचा समुद्र ओलांडायला वाट हवी होती, ती त्याच्या आईनं आपले डोळे देऊन मिळवून दिली. त्या वेळी मध्यंतरात माणसं हातात खारे शेंगदाणे धरून नुसती उभी होती, खायचं सुचत नव्हतं. संगमेशही त्यातलाच. म्हणून तिसऱ्या भागाला तो मोठी भूक घेऊन बसला. आणि तिसऱ्या भागात काय झालं, तर लढाई झाली. पुष्कळ झाली. मग तलवार चमकली, आभाळातून दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी उतरला, मेलेले उठून उभे राहिले, मित्राला हात परत आला आणि आईला डोळे परत आले. कुणाचं काही गेलं नाही. सगळ्यांना सगळं मिळालं, आणि कुणी काही दिलं नाही. संगमेशला वाटलं, आपण कुठं झोपलो होतो का. नव्हता झोपला. सिनेमाच तसा होता.

मग त्यानं माणसांकडे बघायला सुरुवात केली, आणि तिथं त्याची जास्त करमणूक झाली. पुढच्या रांगेत तलवार म्यानातून निघायच्या आधीच शिट्टी वाजली. डावीकडचा एक इसम मोबाईलवर कुणाशी तरी कांद्याचं बोलत होता. टाळ्या पडल्यावर त्यानंही मोबाईल मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा कांद्याला लागला. एकानं डोळे पुसले, पण त्याच रुमालानं मानही पुसली. नव्या खुर्च्यांच्या रेक्झिनमुळे घाम सगळ्यांनाच आला होता. खुद्द आनंदरावांची मान दोनदा छातीवर पडून वर आली. पडदा उजळला तसे सगळे एकमेकांकडे वळले आणि विचारायच्या आधीच सांगायला लागले, की काय सिनेमा आहे. न विचारता चांगला म्हटला जाणारा माल. संगमेशच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

बाहेर सुकन्या माईक घेऊन उभी. टॉकीजचं मोबाईलवरचं पान तीच चालवायची, सिनेमा सुटला की लोकांना विचारायचं, “कसा वाटला?” आणि संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ टाकायचा. एक म्हणाला, लई भारी. दुसरा म्हणाला, लई भारी, अंगावर काटा आला. तिसरा म्हणाला, काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं. चौथ्याचा तर गळाच दाटला. लिलावात बोली चढते तशी ती चढत होती, आणि माल कुणी हातात घेऊन बघत नव्हतं.

गौरम्मांच्या पुढे माईक आला तेव्हा त्या आधी पदर सारखा करत बसल्या. मग म्हणाल्या, “ती आई. डोळे आले तर तिनं आधी पोराकडं न्हाई बघितलं. आपल्या हाताकडं बघितलं. असे उलटेपालटे करून. मग पोराकडं.” त्यांनी आपले हात पदरात घेतले. “मला ते लई आवडलं.”

सुकन्यानं माईक तसाच धरून ठेवला. मागची माणसं खोळंबली होती. “चल, रांग तटवून ठेवायलीस,” अप्पा म्हणाले.

मग संगमेश. समोर सुकन्या, तिच्या खांद्यामागे आनंदराव हात बांधून हसत उभे. “भारी,” तो म्हणाला. सौदा एका शब्दाचाच होता, पण घाबरलेला माणूस नेहमी वरून माप टाकतो. “लई भारी. असा शेवट आजवर कुणी केलाच न्हाई.”

सुकन्यानं माईक पुढच्या माणसाकडे वळवला. सिद्धेश्वरअप्पांनी मात्र पोराकडे असं बघितलं, जसं हातातल्या तुरीत अचानक खडा लागावा.

जेवणात अप्पांनी जे केलं ते एकलारेंच्या घरात कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. वांग्याची भाजी छान म्हणाले. पुरणपोळी लई छान. घर छान, हवेशीर. पोरगी तर छानच, बघायलाच नको. आनंदरावांच्या पत्नी उज्वलाबाई आत जाऊन हळूच देवाला साखर ठेवून आल्या. गौरम्मांना मात्र ही रीत पाठ होती. त्यांनी दोन घोट पाणी पिऊन नवऱ्याकडे बघितलं, पण भरल्या ताटावरून नवऱ्याला काय विचारणार.

जेवणानंतर पोरापोरींना बोलू द्यावं म्हणून दोघांना गॅलरीत पाठवलं. सुकन्याच्या हातात मोबाईल होता, पालथा धरलेला.

“खरं सांगा,” ती म्हणाली, “कसा वाटला?”

“सांगितलं की.”

“ते माईकवर. आता माईक कुठंय?”

संगमेशनं त्या पालथ्या मोबाईलकडे बघितलं. पालथा का धरलाय? रेकॉर्ड करून राहिली असेल तर? आत बापाला ऐकवायचं असेल. किंवा नुसती परीक्षा असेल, की टॉकीजवाल्याचा जावई होणारा माणूस टॉकीजची इज्जत राखतो की नाही. त्यानं पाच सेकंदांत बरंच काही धरलं. एवढंच धरलं नाही, की पोरगी खरंच विचारत असेल.

“लई भारी,” तो म्हणाला.

“आईचे डोळे परत आले, ते पण?”

“ते तर सगळ्यात भारी.”

“बरं,” सुकन्या म्हणाली, आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिली. “पाणी आणू?”

बायकांनी आपणहून पाणी विचारलं, की बोलणं संपलं म्हणून समजावं. संगमेशनं समजून घेतलं नाही, उलट म्हणाला, हाव, आणा.

परतीच्या वाटेवर लोह्याच्या पुढं गौरम्मांनी तोंड उघडलं. “अहो, एखाद्या भाजीत मीठ तरी कमी म्हणायचं होतं.” अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी संगमेश चालवत होता; त्याच्या डोक्यात ते ‘बरं’ घोळत होतं, आईचं बोलणं कानावरून गेलं. मग गौरम्मा आपल्याशीच सिनेमा सांगायला लागल्या, पहिल्यापासून. लातूर येईपर्यंत वज्रकेतू काचेच्या समुद्रापर्यंत पोचला होता.

पुढचे दिवस दोन्ही गावांत संशयाचे गेले. नांदेडात आनंदराव निरोपाची वाट बघत होते. फोन करावा तर सिद्धेश्वरअप्पा म्हणायचे, “लई छान घर हाय तुमचं. बघू.” या ‘बघू’चं काय करायचं ते त्यांना कळेना. इकडं सुकन्यानं आईला सांगून टाकलं होतं, “मुलगा गोड बोलतो. दिवसभर गोड बोलणाऱ्यांच्या तोंडापुढं माईक धरून राहिले मी. घरात पण तेच नको.” उज्वलाबाईंनी ते आनंदरावांपासून दडवून ठेवलं. पोरीचं म्हणणं बदलेल, असा त्यांचा हिशोब.

लातुरात गौरम्मांचं मात्र मजेत चाललं होतं. शेजारच्या शिवकांताबाईंना त्यांनी वज्रकेतू दोन बैठकांत सांगितला. भाजी निवडताना मध्येच थांबून त्या आपले हात उलटेपालटे करून दाखवायच्या, “अशी. अशी बघत होती.” शिवकांताबाई म्हणायच्या, “आन मग?” “मग काय. मग पोराकडं.” लग्न होऊन आल्यापासून गौरम्मांनी स्वतःहून एखादी गोष्ट इतक्यांदा सांगितल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. कुणी आठवूनही बघितलं नाही म्हणा.

संगमेशला उलगडा झाला तो यार्डात. अप्पा तुरीचा नमुना तळहातावर पसरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, “रविवारी उदगीरला जायचंय. कपडे इस्त्री करून ठेव.”

“कशाला?”

“पोरगी बघायला. माझ्यासाठी न्हाई.”

“आन नांदेड?”

“नांदेड तूच सोडलंस की.”

“मी कवा सोडलं?”

अप्पांनी दाणा फोडला, थुंकला. “माईकवर. सगळ्या गावासमोर. लई भारी म्हणलास, वर आणखी कायतरी म्हणलास. आपल्या घरात घ्यायच्या मालाला कुणी भारी म्हणलंय का आजवर? तुझ्या आईला बघून आलो तवा मी घरी येऊन म्हणलो, उंची कमी हाय, आवाज मोठा हाय. त्याच आठवड्यात सुपारी फुटली.”

“अप्पा, ते पिच्चरला म्हणलो. पोरीला न्हाई.”

“पिच्चर कुणाच्या टॉकीजात? जेवण कुणाच्या घरी? एकच ढीग हाय तो. मी बघितलं, पोराला घ्यायचं न्हाई, मग मी पण छान छान म्हणून रीतीनं बाहेर काढलं आपल्याला. लोकांचा अपमान नको.”

संगमेश तुरीच्या गोणीवर बसला. बापाचा राग यावा की स्वतःचा, हे त्याला ठरवता येईना. त्याला पोरगी हवी होती, आणि पोरगी हवी म्हणूनच त्यानं ती घालवली होती.

“बरं, खरं सांग,” अप्पा म्हणाले. “कसा होता?”

“फुसका.”

“मग तसं म्हणायचं.”

“तिच्या बापासमोर?”

“बापासमोरच म्हणायचं असतंय. मागनं बोललं तर ती चुगली होती.” अप्पांनी तूर परत पिशवीत ओतली. “घ्यायचीय ना पोरगी?”

“हाव.”

“मग वेळ अमावस्येला बोलवू त्यांना शेतात. तिथं काय बोलायचं ते बोल. माझ्या तोंडून आता काय निघणार, मी तर छान म्हणून बसलोय.”

फोन अप्पांनीच केला, आणि घ्यायचं ठरल्यावर ते कसे बोलतात त्याचा नांदेडला प्रथमच अनुभव आला. “एकलारेसाहेब, त्या दिवशी तुमच्या भाजीत मीठ कमी होतं. पोळी पण जाड होती. म्हणलं अमावस्येला आमच्याकडचं खाऊन बघा.” आनंदरावांनी फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, “हे रागावून राहिलेत का बोलावून राहिलेत?” उज्वलाबाईंना पोळीचं लागलं. सुकन्या मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “चला,” ती म्हणाली. “निदान एक जण तरी काही कमी आहे म्हणाला.”

वेळ अमावस्येला लातूर शहर रिकामं होतं, सगळं शेतात जातं. मेनकुदळ्यांच्या हरंगुळच्या शेतात कडब्याच्या कोपीत, छोट्या खोपटात, पूजा झाली, आंबील शिंपून झाली, आणि मंडळी ज्वारीच्या कडेला सतरंजीवर बसली. गौरम्मा डाळी-भाज्यांची भज्जी वाढत होत्या, बाजरीचे उंडे वाढत होत्या. पहाटेपासून उभ्या होत्या पण चेहरा फुललेला होता. आंबिलीचा गडवा पुढं करत त्यांनी सुकन्याला हळूच विचारलंही, “अजून चालू हाय का गं तुमच्याकडं? मला एकदा परत बघायचाय.” सुकन्या म्हणाली, “चालू आहे की. या तुम्ही.”

ते ऐकून आनंदराव अप्पांकडे सरसावले. “अजून हाऊसफुल्ल चालून राहिला, सावकार. म्हणजे शनिवारी, रविवारी. नांदेडात तर माणूस न माणूस खूश आहे. जावईबापू, म्हणजे, संगमेशराव, तुम्ही तर त्या दिवशी...”

अप्पांनी पोराच्या गुडघ्याला गुडघा लावला.

“त्या दिवशी मी खोटं बोललो,” संगमेश म्हणाला.

सगळ्यांचे घास थांबले. “म्हणजे?” आनंदराव म्हणाले.

“फुसका हाय शेवट. दोन भाग एवढे ताणले, आन शेवटी तलवार चमकली आन झालं. त्याला तलवार चमकवायचीच होती तर पहिल्या भागातच चमकवायची की. आपला बी वेळ वाचला असता, मित्राचा बी हात. मेलेले उठतात म्हणल्यावर लढाईत कशाला जीव टांगायचा कुणी? आन आईचे डोळे. डोळे दिले तेव्हा मी पण रडलो होतो. आन आता फुकट परत. दुकानात बदलून दिल्यासारखे.”

“फुकट कसे,” गौरम्मा म्हणाल्या. हातात भज्जीची पळी होती. “इतके दिवस आंधळी राहिली की ती.”

पण त्यांचं बोलणं अर्ध्यातच विरलं, कारण आनंदरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि सगळे तोच बघत होते. नव्या खुर्च्या, नवा पडदा, आणि पुढं बसून जावई होऊ घातलेला माणूस म्हणतोय फुसका. त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. आता उठतात की काय, असं वाटलं. मग ते सिद्धेश्वरअप्पांकडे बघून म्हणाले, “खरं सांगू का सावकार? तो दोन तोंडांचा पक्षी कुणाच्या बाजूनं होता, तेच मला कळलं नाही. मी विचारायचं कुणाला? मालकच विचारून राहिला म्हटल्यावर लोक काय म्हणतील.”

“कुणाच्याच बाजूचा नव्हता तो,” अप्पा म्हणाले. “दोन तोंडं असल्यावर कसा असंल.”

उज्वलाबाई हसल्या, मग सगळेच. मनावरचं दडपण गेलं की माणसं जरा जास्तच हसतात. उज्वलाबाईंनी सांगितलं, त्या लढाईत बाहेर जाऊन चहा पिऊन आल्या, परत आल्या तरी लढाई तिथंच. अप्पा म्हणाले, मला तर वाटलं, रीळ अडकलंय. एकेक जण आपला कंटाळा काढून दाखवायला लागला. त्या दिवशी माईकपुढं बोली चढत होती तशी आज उतरत होती, आणि आजही माल कुणी हातात घेऊन बघत नव्हतं.

सुकन्या हसली नव्हती. तिनं संगमेशकडे बघितलं. “त्या दिवशी खोटं बोलण्यात फायदा होता, तर खोटं बोललात. आज खरं बोलण्यात फायदा आहे, तर खरं. मग मी तुमचं कधी धरायचं?”

प्रश्न सगळ्यांदेखत आला. उज्वलाबाईंनी पोरीच्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. संगमेशचं जे काही होतं ते आता या उत्तरावर होतं, आणि या वेळी त्यानं वरून माप टाकायला जागाच ठेवली नाही.

“फायदा हाय, हाव,” तो म्हणाला. “पण आज खोटं बोलण्यातही होताच की. तुमचे वडील समोर बसलेत, भारी म्हणलो असतो तर आजच सुपारी फुटली असती. तुम्हाला एकदा खोटं बोललो, ते मला खुपायलंय. धरायचं का न्हाई ते तुम्ही बघा.”

सुकन्या उंडा मोडत बसली. मग तिनं पर्समधून मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला. “त्या दिवशी गॅलरीत हेच दाखवायला आणलं होतं. कापलेले तुकडे. जांभई देणारे, ‘ठीक आहे’ म्हणणारे, माईक बघून पळणारे. दोन-तीन नाहीत, पन्नास आहेत. आपल्या पानावर एकही नाही, पप्पा. मीच कापले.”

“तू पण?” आनंदराव म्हणाले.

“आपलं टॉकीज आहे. मी काय करू?” आणि संगमेशला म्हणाली, “म्हणजे मी पण तुमच्याइतकीच. बघा, चालत असेल तर.”

“मुलीचा आवाज मोठा हाय,” सिद्धेश्वरअप्पा आनंदरावांना म्हणाले, “आन तोंडानं फटकळ हाय.” आनंदरावांचा चेहरा पडला. संगमेशला मात्र कळलं, की बापानं सौदा पक्का केला. त्यानं सुकन्याला डोळ्यांनी खुणावलं, काळजी करू नका. ते कळायला तिला अजून या घरात यायचं होतं.

मंडळी पुन्हा सिनेमावर आली; एकदा चव लागली की सुटत नाही. आता आईच्या डोळ्यांची पाळी. उज्वलाबाईंनी डोळे मिचकावून ती पडद्यावरची आई कशी बघते त्याची नक्कल केली, हात उलटेपालटे करून. चांगली केली. अप्पांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

“आन तुम्ही त्या दिवशी माईकवर तेच सांगत होतात, वहिनी,” आनंदराव हसत म्हणाले. “मी म्हटलं, लातूरच्या बाईंना भलतंच आवडलं.”

“आमची बी मानापोटीच म्हणली असंल,” अप्पा म्हणाले. “पाहुण्यांचं टॉकीज, काय म्हणणार. काय गं?”

सगळ्यांनी गौरम्मांकडे बघितलं. संगमेशनंही बघितलं, आईकडे बघून तो हसत होता, कारण त्याला हवं ते मिळालं होतं आणि जग त्याला गोड दिसत होतं.

“हाव,” गौरम्मा म्हणाल्या. “मानापोटीच.” आणि खीर आणायला कोपीकडे गेल्या.

त्या दिवशी त्या शेतात खोटं बोलणारं एवढं एकच माणूस होतं, आणि त्यावर संशय कुणालाच आला नाही. सुकन्या तेवढी मान वळवून कोपीकडे बघत राहिली, मग संगमेशनं काहीतरी विचारलं आणि तीही वळली.

लग्न माघात झालं. आता कुणाला काय मिळालं ते बघू. संगमेशला सुकन्या मिळाली, आणि भांडणात दोघं एकमेकांना ‘खरं सांग’ म्हणतात, ते टिकून आहे. सिद्धेश्वरअप्पांना नावं ठेवायला नवं, भरलेलं घर मिळालं. आनंदरावांचं थोडं गेलं, पण त्यांनी ते टॉकीजच्या पानावर वसूल केलं. आता सुकन्याची चुलतबहीण माईक धरते, आणि जांभया देणारेही टाकते, त्यालाच जास्त लोक बघतात. वज्रकेतूला काहीच फरक पडला नाही, त्याचा शेवट अजूनही सगळीकडे भारीच म्हटला जातो.

परवा सुकन्यानं सासूला नव्या सिनेमाला नेलं. बाहेर आल्यावर विचारलं, “आई, कसा वाटला?” गौरम्मांनी पदर सारखा केला, भोवतालच्या माणसांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, “तुला कसा वाटला?”

या सगळ्या सौद्याची किंमत गेली ती त्यांच्याकडून.